खिशातला फ्यूज

पेन्सिल शोधायला मॉरिस डूगनने खिशात हात घातला, तर हाताला हिरवा फ्यूज लागला. पेन्सिल राहिली बाजूला, तो फोनकडे धावला.

होकिटिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं गाडीतून आणायची तर इथला जो तो आधी हा फ्यूज उपटतो. ट्रॅक्शन कंट्रोल चालू असलं की रेतीत चाक जरा फिरायचा अवकाश, यंत्रणा इंजिनाची ताकद काढून घेते आणि गाडी बसते रुतून. जुन्या गाड्यांत बटण दाबून ते पुरतं बंदही होत नाही, म्हणून फ्यूजच काढायचा; पण ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणाही त्याच फ्यूजवर चालते, तीही बंद पडते. मॉरिस तर गावचा मेकॅनिक. शनिवारी त्याने मुलीच्या, ट्रीसाच्या गाडीतून लाकडं आणली आणि फ्यूज परत बसवायचा राहूनच गेला. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटतो म्हणाल, तर त्यावर यानेच काळी पट्टी चिकटवलेली. खाऱ्या हवेने चाकाजवळचा सेन्सर गंजला होता, दिवा सारखा पेटायचा. नवा सेन्सर म्हणजे आज बसवू, उद्या बसवू. स्वतःच्या लेकीची गाडी, तिला कसली घाई!

आणि आज सकाळी, गवतावर दव गोठलेलं असताना, ट्रीसा तीच गाडी घेऊन आर्थर्स पासच्या घाटाने क्राइस्टचर्चला निघाली होती.

फोन लागेना. मॉरिसने टोइंगचा ट्रक काढला आणि सुसाट सोडला. प्रत्येक वळणावर त्याला दरीत उलटी पडलेली गाडी दिसायची, जवळ गेल्यावर तो दगड निघायचा. देवाचं नाव न घेणारा माणूस, पण मेरीमातेला हाका मारत होता.

त्याला काय ठाऊक, की ट्रीसा वाटेतल्या कुमारा गावात मैत्रिणीकडे चहाला थांबली होती. ती मागे होती आणि हा पुढे.

ओटिरा गाव ओलांडून चढ लागला. सावलीतल्या वळणावर रस्ता काचेसारखा चकाकत होता. मॉरिस वेगात आला, ट्रक गर्रकन फिरला आणि रस्त्यात आडवा झाला. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. तो धडपडत खाली उतरला, आणि खालून ओळखीच्या इंजिनाचा आवाज आला.

दोन्ही हात हलवत, घसरत तो उतारावर धावला. ट्रीसाने त्याला पाहिलं, करकचून ब्रेक दाबला. चाकं जाम झाली, पण गाडी थांबेना. बर्फावरून आडवी सरकत ती त्याच्या अंगावरच येत होती. तो बाजूला पडला. गाडी डोंगराकडच्या चरात जाऊन धडकली.

त्याने दार ओढून उघडलं. ती जिवंत होती, कपाळावर खोक पडलेली.

"बाबा, मी तुम्हाला मारलंच असतं," ती कापत म्हणाली. "ब्रेक दाबला, आणि काहीच... असं कसं झालं?"

खोटं बोलायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो सगळं बोलला. फ्यूज, पट्टी, सेन्सर. मग तिने पट्टा सोडला, बॅग उचलली.

"चल, ट्रकमध्ये बस. मी सावकाश खाली नेतो."

"नको," ती म्हणाली. "मला तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते."

आणि कठड्याला धरून, एकेक पाऊल टाकत, ती ओटिराकडे चालू लागली. मॉरिस तिच्या मागे गेला नाही.