रॅकेटची मूठ

आमच्या घरात नशिबाचं नाव काढायला बंदी होती. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर माझ्या सासूबाईंनी, चतुराबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, देवघरातले टाक स्वतःच्या हातांनी नदीत सोडले. तेव्हापासून कोणी साडेसाती, नजर, पनवती असला शब्द काढला की त्या त्याची कानउघाडणी करायच्या. एका पोथीवाल्याला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं, "तुह्या शनीले सांग, चतुराबाई घरी नाई!" मी तेव्हा आत भाकरी थापत होते आणि हसू दाबता दाबता भाकरी फाटली होती.

पण त्यांच्या लेकाच्या मागे जे लागलं होतं, त्याला दुसरं नाव कोणालाच सुचत नव्हतं.

माझे यजमान चंद्रभान तायडे अमरावतीच्या एका क्लबात टेनिसचे मार्कर होते. मार्कर म्हणजे पगार घेऊन खेळणारा माणूस. संध्याकाळी वकील, डॉक्टर, साहेबलोक येत, त्यांच्याशी खेळायचं, त्यांना शिकवायचं, त्यांच्या रॅकेटला तात, म्हणजे जाळीची दोरी, ओढायची आणि सकाळी कोर्टावर रूळ फिरवायचा. पगार घेतो म्हणून मोठ्या स्पर्धांत नाव घालायची सोय नाही, तिथे हौशी लोकांचंच राज्य. मार्करांच्या वाट्याला वर्षातून एकच खरी मॅच, जानेवारीत, अकोल्याच्या क्लबात. अमरावतीचा मार्कर एका बाजूला, अकोल्याचा दुसऱ्या.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी या मॅचची गत. पहिल्या वर्षी मॅचच्या आदल्या आठवड्यात देवीच्या लसीवाले क्लबात आले आणि सगळ्यांना टोचून गेले. यांचा उजवा दंड सुजून दुधीभोपळ्याएवढा झाला. दुसऱ्या वर्षी बडनेऱ्याला गाडी अशी रखडली की हे पोचले तेव्हा अकोल्याच्या मार्करच्या गळ्यात हार पडला होता. तिसऱ्या वर्षी जिंकत आले होते, तर कोर्टाच्या मुरमाखालची काळी माती तडकली आणि पाय नेमका त्या भेगेत गेला. हे महिनाभर लंगडत होते, पण लंगडत का होईना, आठव्या दिवशी रूळ ओढायला गेले. मी बोलले तर म्हणाले, "पाय मोडला, हात तं नाई ना?"

महाराष्ट्र झाल्यावरच्या दुसऱ्या जानेवारीत मात्र गोष्ट वेगळी होती. क्लबाचे सेक्रेटरी भगवंतराव वकील एका संध्याकाळी आमच्या खोलीपर्यंत आले. आमची खोली क्लबाच्याच मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून. ते दारात उभे राहून म्हणाले, "चंद्रभान, तुझ्यावर राग नाही. पण या वर्षी तो अकोल्याचा नत्थू जिंकला, तर मेंबर त्यालाच इकडे आणू म्हणतात. हरणारा मार्कर किती दिवस ठेवायचा?"

नत्थू बावीस वर्षांचा, हे अडतीसचे. मार्करची जागा गेली म्हणजे खोलीही गेली, आणि या वयात दुसरा क्लब कोण देणार? त्या दिवसापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. भांडी घासताना मी मनात ती गोणीत भरत होते. धाकटी मुलगी भिंतीवर कोळशाने चित्रं काढायची, तिला मी उगीच धपाटा घातला, कशासाठी ते तिला कळलं नाही आणि मलाही नाही.

हे रोज जुन्या रॅकेटने सराव करत. तिची तात ढिली झाली होती, लाकूड किंचित वाकलं होतं. चांगली रॅकेट मॅचसाठी राखलेली. तिला नवी तात ओढून, मुठीवर नवं चामडं गुंडाळून, वाकू नये म्हणून लाकडी चौकटीत स्क्रूने आवळून खुंटीला टांगलेली. तिला हात लावायचा नाही असा घरात हुकूम होता. आत्याबाई त्या महिन्यात गप्प गप्प असत. मध्येच बहिणीला भेटायला म्हणून अकोटला जाऊन आल्या. आल्यावर मी विचारलं, मावशी कशी आहे, तर म्हणाल्या, "हाय बरी," आणि चूल फुंकायला बसल्या. चूल तर धडधडत होती.

मॅचला त्या कधी येत नसत. या वेळी म्हणाल्या, "मीबी येतो." गाडीचा भरवसा नको म्हणून आम्ही आदल्या दिवशीच अकोल्याला त्यांच्या भाच्याकडे जाऊन राहिलो. मुलींना शेजारणीकडे ठेवलं. पहाटे मला जाग आली तेव्हा आत्याबाई अंगणात आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मला वाटलं, पान लावत असतील.

मॅच सकाळी सुरू झाली. मेंबर लोक वेताच्या खुर्च्यांवर, आम्ही दोघी रुळाजवळ तरटावर. पाण्याची कासंडी माझ्याकडे. दोन गेम होतात न होतात तोच मला काहीतरी चुकतंय असं दिसू लागलं. हे दर पॉइंटनंतर उजवा हात झटकत होते. बॅकहँड, जो यांचा हुकमी, तो जाळीत जात होता. नत्थू तिकडे वासरासारखा उड्या मारत होता. पहिला सेट त्याने सहा-दोन घेतला.

हे पाणी प्यायला आले. तळहात लाल झाला होता, बोटांच्या मुळाशी फोड आले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"मूठ सलून राहिली. नवं चामडं हाय, कडक असंल." आणि त्यांनी जुनी रॅकेट उचलली.

ढिल्या तातीच्या रॅकेटने जोर काढता येत नाही. यांनी जोर सोडला आणि डोकं लावलं. चेंडू उंच उडवायचा, हळूच जाळीमागे टाकायचा, नत्थूला पळवून पळवून दमवायचं. दुसरा सेट यांनी घेतला. माझ्या जिवात जीव आला, आणि तो फार वेळ टिकला नाही. तिसऱ्या सेटच्या दुसऱ्याच गेममध्ये जुनीची तात तटकन तुटली. खुर्च्यांमधून कोणीतरी म्हणालं, "पाहा, या माणसाचं नशीबच फुटकं!" मला उठून त्याच्या तोंडावर कासंडी ओतावीशी वाटली.

पुन्हा ती चांगली रॅकेट. आता फोड फुटले होते. बघता बघता नत्थू चार-एक पुढे. बाजू बदलायला हे आमच्याकडून जाऊ लागले तेव्हा मुठीच्या चामड्यावर रक्त दिसलं. रॅकेट माझ्यासमोर धरून म्हणाले, "पाह्य वं जरा. माहा हात आत्ता काई सांगत नाई. काहून सलते ही?"

मी चामडं दाबून पाहिलं. आत गाठी होत्या. एक नाही, एकाखाली एक, ओळीने. चामड्याच्या टोकाशी यांनी मारलेला चपटा बारीक खिळा नव्हता, तिथे चपलेचा खिळा ठोकलेला होता. मी मान वळवली. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हे तुमी केलं?"

त्या म्हणाल्या, "आकोटले एकानं देल्ला दोरा. सात गाठीचा. मंग म्हटलं, याच्या हातात राहीन त बरं. किती वर्सं पाहू रे बाबू? माह्यानं पाहावलं नाई."

मला त्यांचा असा राग आला की मी कासंडी खाली आपटली. ज्या बाईने देव नदीत सोडले, शनीला दारातून हाकललं, तिने सात गाठींचा दोरा आणावा, आणि तो कुठे बांधावा तर पोटाला भाकरी देणाऱ्या मुठीत! आमचं घर त्या गाठींवरून घसरून चाललं होतं. हे सगळं मी म्हणणारच होते.

यांनी खिळा दाताने उपटला, चामडं सोडलं. काळा दोरा घामाने आणि रक्ताने भिजला होता. मला वाटलं, भिरकावून देतील. त्यांनी तो उलगडला, घडी करून खिशात ठेवला आणि आईपुढे उकिडवे बसले.

"माय, फडकं दे."

आत्याबाईंनी लुगड्याचा पदर दाताने फाडला. इतका मोठा फाडला की खुर्च्यांमधले लोक वळून पाहू लागले. उघड्या लाकडावर यांनी त्या पट्टीचे वेढे दिले, टोक दातात धरून आवळलं, आणि पंचांनी हाक मारली तसे उठून गेले.

त्यापुढचं मी पुरतं पाहिलेलं नाही. मी आत्याबाईंकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. त्रिशरण म्हणत होत्या की त्या अकोटच्या माणसाला शिव्या देत होत्या, कोण जाणे. चेंडूचा आवाज मात्र बदलला होता, तेवढं मला न पाहता कळलं. चार-दोन. चार-तीन. मेंबर लोक खुर्च्यांच्या कडेला सरकले. पाच-पाच झाले तेव्हा नत्थूने पहिल्यांदा कंबरेवर हात ठेवले, आणि मी मान वर केली.

सहा-पाच, आता हे पुढे. आणखी एक पॉइंट, की मॅच यांची. यांनी मारलेला चेंडू जाळीच्या पट्टीवर बसला, क्षणभर तिथेच थांबला, आणि यांच्याच बाजूला पडला.  आलंच म्हटलं, या वेळीही आलंच. हे मात्र चक्क हसले. पडलेला चेंडू रॅकेटने उचलला, मुठीवरची पट्टी पुन्हा आवळली आणि सर्व्हिसच्या रेघेवर जाऊन उभे राहिले, रोज सकाळी उभे राहतात तसे. ड्यूस झाला, म्हणजे दोघे बरोबरीत. मग पुन्हा यांचा पॉइंट. मग नत्थूचा एक चेंडू लांब गेला, आणि मॅच संपली.

भगवंतराव धावत आले. "चंद्रभान, नशीब उघडलं तुझं!" यांनी त्यांच्याशी हात मिळवायला डावा हात पुढे केला. उजवा दाखवण्यासारखा नव्हता.

गाडीत आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या, फाटका पदर मुठीत धरून. बडनेरा आलं. मग हळूच म्हणाल्या, "चंद्रभान, मी शपथ मोडली रे. बाबासाहेबाले काय तोंड दाखवू?"

यांनी खिशातला दोरा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "तुह्या हातानं टाक, माय. देवाचे टाक सोडले होते तसा."

त्यांनी तो खिडकीबाहेर टाकला. मग हात लुगड्याला पुसला, आणि पुन्हा पुसला.

माझा राग पंधरा दिवस गेला नाही. त्यांच्या ताटात भाकरी वाढायची ती आपटून वाढायची, एवढं मी केलं. यांचा हात बरा झाल्यावर नवं चामडं आणलं. मूठ मी बांधतो, म्हणून आत्याबाई हटून बसल्या आणि रॅकेट मांडीवर घेतली. जुनी पट्टी सोडून लाकूड ओल्या फडक्याने पुसलं. मग चुलीपुढून मला हाक मारली.

"सुभद्रे, इकडे ये वं."

मी गेले. त्यांनी उघडी मूठ माझ्यापुढे धरली, उजेडात फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवली.

"पाहून घे पोरी. आत काई नाई."

मी त्यांच्याजवळ बसले आणि चामड्याचं टोक धरलं. त्यानंतर जितक्यांदा मूठ बांधली, तितक्यांदा त्यांनी मला आधी हाक मारली.