न बुडणारी वीट

"तुझ्या पोटात कोण बोलतंय?"

रिझवानाने भिंतीला कान लावून विचारलं. पैज तिच्या मैत्रिणीची, रंजिताची, पण रंजिता स्वतः उंबऱ्याबाहेर उभी. "जोरात विचार गो. घाबरलीस तर तसं सांग."

मित्रांनो, ती भिंत म्हणजे मी आणि माझ्या बहिणी. मी प्लास्टिकची वीट. बिरवाडीत, रमजानच्या घरामागच्या खोलीत, खिडकीखाली बसले आहे.

त्याआधी मी पिशव्या होते. मोठा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या करंजांवर लटकत होते. तिन्हीसांजेला लांबून बघणाऱ्याला वाटे, फांद्यांवर माणसं बसली आहेत, कुणाची तरी वाट बघत. त्या बाजूला कुणी फिरकेना. रमजानची ही लेक रिझवाना मात्र आंबे काढायची आकडी घेऊन आली आणि गाणं म्हणत एकेक पिशवी ओढून पोत्यात भरत गेली.

रमजानने आम्हाला धुतलं, पिंपात वितळवलं, भाताचं तूस मिसळून साच्यात दाबलं. लांबीत आरपार दोन भोकं ठेवली. इतकी हलकी झाले की रिझवाना एकेका हातात दोन-दोन विटा घेऊन नाचायची. "लेकीला अभ्यासाची खोली बांधतो," रमजान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. लोक मला उचलून बघत, हसत आणि भाव विचारत. ते माझे कौतुकाचे दिवस.

खोली श्रीपत गवंड्याने बांधली. त्याचा सगळा जन्म जांभ्या चिऱ्यात गेला. चिऱ्याला अशी आरपार भोकं नसतात, मग ती बुजवायचं त्याला सुचणार कसं? भिंतीच्या कडेला आमची तोंडं उघडीच राहिली. नदीवरचा वारा आत शिरला की कुणी लांबून हाक मारावी तसा आवाज येऊ लागला.

"पुरात गेलेली माणसं हायत," गाव म्हणालं. "झाडावरनं उतरली, भिंतीत बसली."

मग विटा कुणी घेईना. रिझवानाची आई महरुन्निसा खोलीत पाऊल टाकीना. रिझवाना चुलीच्या धुरात डोळे चोळत अभ्यास करू लागली. शेवटी आज सकाळी रमजान म्हणाला, "उद्या पाडतो भिंत. विटा नदीत. जिथनं आल्या तिथं जाऊ देत."

आता रिझवानाने कडेची भोकं चाचपली आणि एकेकात ओढणीचे, चिंध्यांचे बोळे कोंबले. हाक थांबली.

"वारा गो नुसता," रंजिता हसली आणि पैज हरल्याचं न बोलता घरी पळाली.

रिझवाना मात्र तिथेच थांबली. कारण भोकं बुजली होती, वारा पडला होता, आणि तरी मी बोलले होते. अगदी हळू. "नदीत टाकलंत, तर आम्ही परत येऊ."

तिने कोपऱ्यात उरलेली माझी एक बहीण उचलली आणि परसातल्या हौदात सोडली. ती खाली गेली, वर आली, गोल फिरली आणि तरंगत रिझवानाच्या हाताला येऊन टेकली.

मित्रांनो, आम्हाला टाकून देऊ नका. टाकलेल्या वस्तूला वाट आठवते.

रिझवाना ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेली. अब्बा जेवत होते, अम्मी भाकरी थापत होती.

"अब्बा, भिंत पाडायची नाय. वीट बुडत नाय. नदीत टाकली तर पुढच्या पुराला आपल्याच दारात. भोकं मी मातीने बुजवते. आणि आजपासून माझं अंथरूण त्या खोलीत."

अम्मीने भाकरी तव्यावर टाकली. "आणि परत हाक आली तर?"

"आली तर ओ देईन."