ढोलाची साक्ष

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो, आणि माझ्या आवाजावर चटकन विश्वास ठेवू नका. का, ते शेवटी सांगतो.

माझे अंग कापराच्या झाडाचे. दोन्ही तोंडांवर एकाच रेड्याचे कातडे ताणलेले. दूरच्या ज्यांगशी प्रांतातून येऊन होंगज्यांगच्या नदीघाटावर तेलाचा व्यापार करणाऱ्यांनी आपले मंडळ काढले, पूर आवरणाऱ्या शू महाराजांचे देऊळ बांधले, देवासमोर रंगमंच उभारला, तेव्हा मला घडवले. परमुलखात गाववाला म्हणजे अर्धा भाऊ. आजारी पडलात तर मंडळ औषध देई, भांडलात तर समेट करी, आणि मेलात तर शवपेटी मागच्या दालनात सांभाळून पुढे नावेने जन्मगावच्या मातीत पोचवी. बदल्यात मागणे एकच होते, मंडळाच्या शिक्क्याला बट्टा लावू नका. लावलात, तर मंडळाबाहेर, आणि परत यायचे तर दंड म्हणून देवापुढे नाटक करवायचे. सारे गाव कलिंगडाच्या बिया सोलत ते फुकट पाही, आणि हे कुणाच्या पापाचे नाटक ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

मला मात्र पौर्णिमा आवडे. आंधळे आख्यानकार यायचे, बांबूच्या नळीवर थाप देत महाराजांची कथा गायचे. गाता गाता थांबत, चार शहाणपणाचे शब्द सांगत, पुन्हा सूर धरत. पिंपे उचलणारे दांडगे हमालही डोळे पुसत. मला तेव्हा कुणी वाजवत नसे, पण कातडे आतल्या आत थरथरे. ते सुख काय सांगू!

पण माझ्यावर आणखी एक काम लादलेले होते, दिव्य करवण्याचे, म्हणजे देवाच्या साक्षीने खरेखोटे ठरवण्याचे. वाद मिटेनासा झाला की माणसाने महाराजांची शपथ घेऊन मला ठोकायचे. खणखणीत वाजलो तर तो खरा, बद्द वाजलो तर खोटा.

एका वर्षी हानखौ शहरातल्या गिऱ्हाइकाने आमची तुंग तेलाची एक नाव जशीच्या तशी परत पाठवली. तेलात भेसळ होती. हे तेल नावांना आणि छत्र्यांना लावतात. त्याची परीक्षा सोपी. बांबूच्या कांबीचे कडे तेलात बुडवून वर उचलायचे. चोख तेल कड्यावर पडद्यासारखे ताणून बसते, थेट माझ्या कातड्यासारखे. परत आलेल्या तेलाचा पडदा काही धरेना.

त्या नावेत दोघांचेच तेल होते. एक तरुण ख्वांग, दुसरे जुने, वजनदार लुओशेठ. पिंपांवर शिक्का मंडळाचा, तेव्हा कुठले कुणाचे ते कळेना. दोघांच्या वखारीत पुढ्यातली पिंपे तपासली, ती चोख निघाली. मग संशयाला पाय फुटले. जो तो बाहीत बांबूचे कडे लपवून हिंडू लागला. चहाला आलेला पाहुणा यजमानाच्या पिंपांवर डोळा ठेवी. आचाऱ्याने भजी पुढे केली तरी लोक विचारत, “तेल कुठलं रे हे?”

ख्वांगचे वडील नुकतेच वारले होते. त्यांची शवपेटी मागच्या दालनात होती आणि दुसऱ्या दिवशी गावाकडे नाव सुटायची होती. पोरगा दोषी ठरता तर मंडळाबाहेर जाता, आणि बापाची पेटी घाटावर बेवारशी राहती. म्हणून तो दिव्याला तयार झाला.

आलुबुखार पिकायच्या दिवसांतली झड लागली होती. भिंतींना ओल, माझ्या कातड्यालाही ओल. सकाळी ख्वांगने शपथ घेऊन मला ठोकले.

बद्द!

मी ओरडून काय सांगणार होतो? ढोलाला जीभ कुठे असते!

“देव बोलला,” लुओशेठ म्हणाले. “आता जेवून घेऊ. मग मीही ठोकतो, कुणाच्या मनात किल्मिष नको.”

मंडळी जेवायला गेली. तेवढ्यात लुओशेठांच्या गड्याने माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. कातडे हळूहळू ताणले गेले. जेवण उरकायच्या आत शेगडी नाहीशी झाली. मग लुओशेठांनी मला ठोकले आणि मी असा घुमलो की वळचणीची कबुतरे उडाली.

मंडळाचे प्रमुख ओयांगकाका खालमानेने म्हणाले, “ख्वांग, पेटी नावेत चढणार नाही.”

एवढ्यात ख्वांगची आई उदबत्ती घेऊन आली. निकाल ऐकला आणि तरातरा माझ्याकडेच वळली.

“मेल्या रेड्या, जिवंतपणी नांगर ओढलास आणि मेल्यावर माझ्या लेकराच्या मुळावर उठलास?” म्हणत तिने मला चापट मारली. हात तसाच राहिला. “अगं बाई! हा तर कोमट आहे.”

“काकी, शोकात माणसाला काहीही वाटतं,” लुओशेठ हसले.

“शोकात नाक जात नाही, शेठ. कोळशाचा वास येतोय. नाटकवाले ढोल शेकतात, ते काय मी पाहिलं नाही?”

ओयांगकाका वाकले. माझ्याखाली हात फिरवला. बोटांना ताजी राख लागली.

“गारठा होता हो काका, म्हणून गड्याने...” लुओशेठ चाचरले.

“कुणाला गारठा? ढोलाला?” काकांनी विचारले.

कुणीतरी फिसकन हसले. म्हातारी मात्र हसली नाही. “ज्याचं तेल चोख, त्याला ढोल शेकावा कशाला लागतो?”

ओयांगकाकांनी बाहीतून कडे काढले. लुओशेठांच्या वखारीत या वेळी त्यांनी मागची पिंपे उघडायला लावली. कड्यावर पडदा धरेना. एकाही पिंपाचा धरेना.

शवपेटी दुसऱ्या दिवशी नावेत चढली. लुओशेठांनी दंडाचे नाटक करवले. नाटकवाल्यांनी मला सर्वांदेखत शेकले आणि म्हातारी पहिल्या बाकावर बसून बिया सोलत राहिली. मध्येच तिने ओयांगकाकांना विचारले, “काका, आधीच्या झडींमध्ये किती जण याच्यावर बद्द वाजले असतील हो?” त्यानंतर पुन्हा माझ्यावर दिव्य कुणी केले नाही.

पुढे मंडळ मोडले. देवळात धान्य भरले, रंगमंचावर पोती रचली. आख्यानकारांची नळी किती तरी पौर्णिमांत ऐकली नाही. माझे एक तोंड उंदरांनी कुरतडले आहे. दुसऱ्यावर आजही झडीत ओल चढते.

मित्रांनो, जमले तर मला कोरड्यात ठेवा. कुणी देवाची कथा गाणारा आला, तर शेकून त्याच्या साथीला घ्या. देवाला कान आहेत, खरेखोटे ऐकायला त्याला ढोल लागत नाही. आणि तुमच्यापुढे एखादा माणूस बद्द वाजला, तर त्याला खोटा म्हणण्याआधी जवळ जा, हात लावा आणि पाहा. कदाचित तो नुसता भिजलेला असेल.