उग्र वासाची सुरंगी

मित्रांनो, मी एक जुनी सुरंगी आहे. राजापूरजवळ कातळ संपतो तिथे, तुळसाकाकींच्या घरामागच्या परड्यात मी उभी आहे. माघ-फाल्गुनात माझ्या फांद्यांना थेट लाकडातूनच कळ्या फुटतात. ऊन चढून त्या उमलल्या की मधमाश्या येतात, म्हणून काकी पहाटेच शिडी लावून कळ्या खुडत. शेंड्याच्या कळ्या मात्र माश्यांसाठी राखत.

राही ही काकींची एकुलती लेक. १९८४ साली ती रत्नागिरीला कॉलेजात गेली. मग काकी माझ्या कळ्यांचा वळेसर, म्हणजे गजरा, ओवून केळीच्या पानात बांधू लागल्या. ती पुडी सकाळच्या एस.टी.ने दादू कंडक्टर घेऊन जाई. "काकी, तुमच्या पुडीपायी आख्खी गाडी लग्नाला निघाल्यासारखी वाटते," असं तो म्हणे, आणि मला कोण अभिमान वाटे!

एके दिवशी पुडी परत आली. स्टँडवर राहीबरोबर मैत्रिणी होत्या. त्यांतली एक नाक दाबून हसली. दादूने पुडी पुढे केली, तेव्हा राही म्हणाली, "माझी नाय ती. दुसऱ्या कुणाची असेल." दादूने हे सारं खाली मान घालून सांगितलं.

काकींनी पुडी पदराआड धरली. "वास उग्रच पडतो रे हिचा," त्या म्हणाल्या. "चारचौघींत पोर लाजली असेल. माझंच चुकलं."

चूक माझ्या वासाची होती, मित्रांनो. पुढची दोन वर्षं मी फुलले, ती शरमेनेच. पुडी पुन्हा गेली नाही. काकी मात्र शिडी लावतच राहिल्या. ते वळेसर कुठे जात, मला कळत नसे.

१९८७च्या दिवाळीआधी काकी गेल्या. तेराव्यानंतर राहीने लुगडी वाटायला ट्रंक उघडली आणि माझाच वास परड्यात माझ्यापर्यंत आला. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. एकेका लुगड्याच्या घडीत एकेक वळेसर होता.

त्यातला एक ओंजळीत घेऊन राही माझ्या बुंध्याशी येऊन बसली.

"माझी होती ती पुडी," ती म्हणाली.

ऐकायला मी एकटीच होते.

आता फाल्गुनात राहीच शिडी लावते. शेंडा राखते.

मित्रांनो, मला पाणी घाला, न घाला. माझी मुळं कातळातही तगतात. पण कुणी पहाटे उठून तुमच्यासाठी पुडी बांधली असेल, तर चारचौघांत हात पुढे करा. माझी आहे, एवढं म्हणा.