मैनाकाकूंवर बेतलेला विनोद

मी गडब गावच्या पिठाच्या गिरणीतला फळा बोलतोय. पूर्वी पेणच्या एका शाळेत होतो. तिथे पांढरे चकचकीत फळे आले, तेव्हा गिरणीवाल्या गुणाजीने मला टेम्पोत घालून इथे आणलं.

गुणाजीची लेक सुरभी पेणला नोकरीला आहे. मोबाइलवर सापडलेली एक गंमतशीर माहिती आणि एक विनोद ती रोज सकाळी माझ्यावर लिहून जायची. गिरणी सुरू असली की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. दळणाला आलेली माणसं मग मलाच वाचत बसायची.

त्यांत मैनाकाकू होत्या. कानाने जवळजवळ ठार बहिऱ्या, पण वाचायला मोठ्या हौशी. गावात सगळीकडे त्यांना "काय म्हटलंस?" असं विचारावं लागे. इथे मात्र सगळे सारखेच बहिरे! एकदा ‘ऑक्टोपसला तीन हृदयं असतात’ हे वाचून त्या ओरडल्या, "तीन काळजं? सून आली की एक जलतंय, तरी दोन उरतात गो!" तेवढं मात्र गिरणीच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं.

एके दिवशी सुरभीने घाईघाईत लिहिलं : ‘डॉक्टर : आजी, कानाला यंत्र लावा. आजी : संत्रं नको बाबा, दात आंबतात.’

खरं सांगतो, मला तो विनोद आवडला होता. आता हशा पिकणार म्हणून मी वाट बघत होतो. माणसांनी वाचला. मग सगळ्यांनी मागे वळून मैनाकाकूंकडे पाहिलं आणि मगच सगळे हसले. काकूंनी मान वर करून मला वाचलं. पिठाचा डबा उचलला आणि निघून गेल्या.

चार दिवसांनी गुणाजी त्यांच्या घरी जाऊन आला. गिरणी बंद होती. तो सुरभीला म्हणाला, "काकू म्हनते, इनोद वाईट नव्हता. पन लोकांनी आदी माज्याकडं बघितलं, मंग हसले. आता ती दलन घेऊन नागोठण्याला जाते."

सुरभी रडवेली झाली. खडू घेऊन तिने माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मैनाकाकू, माफ करा.’

गुणाजीने ते हातानेच पुसलं. "नाय गो. तिला परत चारचौघांत उभी करतेस? घरी जा नि पाया पड."

सुरभी गेली. काकूंनी तिला चहा पाजला, डोक्यावरून हात फिरवला. गिरणीत मात्र आल्या नाहीत.

तेव्हापासून मी कोराच आहे. माणसं आपापल्या मोबाइलमध्ये बघून एकेकटी हसतात. सुरभीने निदान माफी मागितली. मला तेवढंही जमलं नाही. त्या विनोदाची अक्षरं दिवसभर अंगावर मिरवली मी.

काकू, दळण कुठेही टाका, पण एकदा इथे येऊन जा. या वेळी तुम्ही लिहा. गुणाजीवर लिहा, हसणाऱ्यांवर लिहा, माझ्यावर लिहा. लागलं तरी चालेल.