ऱ्हस्व राहु

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या पेनानं खोडायच्या आणि स्वतःच्या मात्र जपून ठेवायच्या. समोरच्या दारातला चष्मेवालाही त्यातलाच. राहायला येऊन दोन वर्षं झाली, पण अजून निम्मी खोकी बांधलेलीच. चहाचा कप ठेवायला खोकंच पुढे सरकवतो. लग्नाचा विषय निघाला की आम्ही दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो. मावशीनं फोनवर विचारलं, "तुमचं नेमकं काय चाललंय गं?" तेव्हा "शेजार," म्हणून मी मोकळी झाले.

त्या सकाळी दाराखालून चिठ्ठी सरकली. 'दुकानानं दुसऱ्या गावी बदली केलीय. बारापर्यंत कळवायचंय. मी इथंच राहु का?'

हातात पेन होतंच. राहु! ऱ्हस्व! शब्दावर काट मारली, समासात नुसता दीर्घ उकार काढला आणि चिठ्ठी त्याच्या दाराखालून परत सरकवली. खरं सांगते, अर्थ कळला नव्हता असं नाही. चूक सापडली आणि उत्तर टळलं, याचं बरंच वाटलं.

साडेअकराला लक्षात आलं. ज्याला आमच्या मुद्रितशोधनातल्या खुणा कळत नाहीत, त्याला त्या कागदावर काय दिसणार? 'राहु' खोडलेलं! फोन लावला, तो उचलेना. डोळे तपासताना तो फोन घेतच नाही. घरातल्या सपाता घालूनच मी जिने उतरले. रस्त्यात घड्याळ बघायची हिंमत होईना. आणि तो खरंच राहिला तर? या विचारानं आणखीच धडकी भरली, तरी पाय थांबेनात.

त्याच्या दुकानात पोचले तेव्हा बाराला सात कमी. "नंबर लावलाय का?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"दिसायचंच बंद झालंय मला," म्हणत मी आत घुसले आणि तपासणीच्या खुर्चीत बसले.

"वाचा," तो तक्त्याकडे बोट दाखवत म्हणाला. मग त्यानं वळून पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"कळवलंस?" मी विचारलं.

"कळवतच होतो. खोडलंस की तू."

"ऱ्हस्व खोडला रे! समासात बघ ना."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढून भिंगाखाली धरली. "हे शेपूट? मला वाटलं, पेन झटकलंस."

"उकार आहे तो. दीर्घ."

"म्हणजे?"

आता खिडकीकडे बघावं म्हटलं, तर त्या खोलीला खिडकीच नव्हती. "म्हणजे राहा," मी म्हणाले. "पण ऱ्हस्व नको."

बाराला दोन मिनिटं असताना त्यानं फोन लावला, "मी येत नाही," एवढंच सांगितलं आणि ठेवला.

"दीर्घ म्हणजे किती?" त्यानं हळूच विचारलं.

"आधी ती खोकी उघड," मी म्हणाले. त्यानं चिठ्ठी जपून परत खिशात ठेवली.