डावी बाजू

आत्याच्या दुकानात शिवणकाम शिकायला गेले तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर मुक्कामाला होता. कचेरीतल्या साहेबांशी वाजलं म्हणून चांगली नोकरी सोडून आले होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मध्ये बेतायचं टेबल, भिंतीशी दोन मशिनं, एक उभा आरसा आणि दाराजवळ एक स्टूल. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी कात्री हातात मिळेल. मिळालं ते स्टूल.

"इथे बस. येईल त्याच्याकडे नीट बघ. तो गेला की मला सांग, काय पाहिलंस ते," आत्या म्हणाली.

"आणि शिवायचं कधी?"

"दिसायला लागलं की."

पहिलं गिऱ्हाईक कोटाचं माप देऊन गेलं. मी सांगितलं, "माणूस होता. निळा शर्ट."

"वा. डोळे आहेत म्हणायचे," आत्या म्हणाली. "अगं, तो पोस्टमन आहे. वीस वर्षं एकाच खांद्यावर पिशवी. तो खांदा बोटभर खाली आलाय. दोन्ही खांदे सारखे बेतले तर कोट एका अंगाला लोंबेल आणि तो म्हणेल, शिंपीण आंधळी आहे."

"मग त्यालाच विचारायचं ना, खांदा खाली आहे का म्हणून."

"त्याला कुठे माहीत आहे? स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही, बाई. म्हणून तर शिंपी लागतो."

हे वाक्य ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची. मला ते तोंडपाठ झालं होतं, पटलं मात्र नव्हतं.

टेप सगळ्यात शेवटी, हा तिचा नियम. टेप खोटं बोलत नाही, पण विचाराल तेवढंच सांगतो, असं तिचं म्हणणं. तीन महिने मी त्या स्टुलावर बसले. पाहिलेलं वहीत लिहायचं आणि दर शनिवारी आत्या लाल पेन्सिल घेऊन ते तपासायची. बिनकामाची ओळ खोडायची. पहिल्या शनिवारी पानावर माझ्या शाईपेक्षा तिचं लालच जास्त होतं. घरी जाऊन मी त्या वहीला आणि पेन्सिलीला यथेच्छ शिव्या दिल्या.

पण दिसायला लागलं, हेही खरं. एका शिक्षिकेचे शर्ट नेहमी उजव्या काखेतच उसवायचे. फळ्यावर लिहायला तिचा हात दिवसभर वर असायचा, हे मला आत्याने न सांगता कळलं. मग घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आले. त्यांची बायको नुकतीच गेली होती आणि पँट कंबरेत चार बोटं सैल झाली होती. जादा कापड कापायला मी पुढे झाले, तर आत्याने माझा हात धरला आणि ते आत दुमडून शिवलं. "जेवायला लागले की हवं होईल," म्हणाली. सात महिन्यांनी काका तीच पँट सैल करून घ्यायला आले. त्या दिवशी मी टेबलाखाली वाकून टाचण्या शोधत राहिले. टाचण्या पडल्याच नव्हत्या, पण भरलेले डोळे घेऊन वर कशी येणार?

दुसऱ्या वर्षी मी मशीनवर बसू लागले आणि त्याच सुमाराला आत्याचं बिनसलं. बारीकसारीक गोष्टींवरून माझ्यावर खेकसायची. एका सकाळी वकीलबाई कोट घालून बघत होत्या, तेव्हा आत्या एकदम म्हणाली, "माझी कात्री कुठे टाकलीस?"

त्या कात्रीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे दुकानातल्या झुरळांनाही ठाऊक होतं. कात्री तिच्या कोपराशीच होती. मी बोटाने दाखवली. ती उचलत आत्या म्हणाली, "वस्तू जागेवर ठेवायची अक्कल या वयातही येत नाही माणसाला."

तेही गिऱ्हाइकासमोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी दुकान तासभर बंद असतं. तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन वही उघडली आणि आत्याचे अपराध लिहायला घेतले. पान तिच्यासमोर ठेवायचं आणि चालू लागायचं, असं ठरवूनच बसले होते.

वकीलबाईंच्या डाव्या बाहीत कच्चा धागा हिच्या हातून तसाच राहिला आणि बोलणी मी खाल्ली. चहाचा कप हिने कोपराने उडवला आणि वर विचारलं, इथे कुणी ठेवला. पोस्टमन दारात उभा राहून हाक मारेपर्यंत हिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. गर्विष्ठ झाली आहे. टेबलाच्या कोपऱ्यावर रोज आपटते आणि टेबल मी सरकवलं म्हणते. आणि आता कात्री.

सहावा अपराध आठवेना. पेन चावत बसले आणि सवयीने लिहिलेलं पुन्हा वाचू लागले. लाल पेन्सिल हातात घेऊन ती विचारते, तसं स्वतःला विचारलं, यात काय पाहिलंस? बाही डावी. कप तिच्या डाव्या हाताला होता. मशीनवर बसली की दार तिच्या डावीकडे येतं. कोपरा लागतो तो डाव्या कंबरेला. कात्री डाव्या कोपराशी होती.

राग कुठे गेला ते कळलं नाही.

दुकान उघडल्यावर आत्या काज करत बसली होती. मी एक लाल बटण बोटात धरून तिच्या डाव्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. ते जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत तिने मान हलवली नाही. मग उजवीकडून आणायला लागले, तर हात उचलताक्षणी म्हणाली, "ते बटण काय नाचवतेस?"

"आत्या, तुझा डावा डोळा नीट नाही."

"मी एका झटक्यात सुई ओवते. डोळे माझे, मला नाही कळणार?"

"स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. तूच म्हणतेस."

तिने काज बाजूला ठेवलं, उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि समोर बघत राहिली. बराच वेळ. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "समोरचा आरसा दिसतो गं तेवढा. बाकी दुकान कुठे गेलं?"

डॉक्टरांनी तिला एका यंत्रात बघायला लावलं आणि दिवा दिसला की कळ दाबायला सांगितली. कळ फार वेळ शांतच राहायची. त्या शांततेत मी माझ्याच बाहीचा काठ उसवून ठेवला. डोळ्यांतला दाब वाढला होता. डाव्याचं गेलं होतं ते परत येणार नव्हतं. उजव्याला नुकतीच सुरुवात होती. तो रोज औषध घालून राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तो गेला असता तर कात्री गेली असती आणि कात्रीबरोबर आत्याही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो, त्यामुळे लोक फार उशिरा येतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कसं लक्षात आलं?"

"माझ्या नाही, भाचीच्या," आत्या म्हणाली. "तिला मी स्टुलावर बसवलं होतं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. परत येताना मी तिच्या डाव्या बाजूने चालले.

शनिवारी आत्याने नेहमीसारखी वही मागितली. ते पान फाडायचं मी साफ विसरले होते, आणि आठवलं तोवर पान तिच्यासमोर होतं. माझं धाबं दणाणलं. वही थोडी उजवीकडे धरून तिने एकेक अपराध सावकाश वाचला. मग लाल पेन्सिलीने एकच शब्द खोडला, 'गर्विष्ठ'.

"हे पाहिलेलं नाही, ठरवलेलं आहे," ती म्हणाली. "बाकीचं नीट पाहिलंयस."

मग तिने पानाच्या तळाशी काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. आत्याने कधी कुणाची माफी मागितल्याचं आमच्या घरात कुणालाही आठवत नाही. तिने लिहिलं होतं, 'कात्री जागेवरच होती.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग औषधाची बाटली काढायला उठले.

"आत्या, बरं झालं तू मला स्टुलावर बसवलंस."

"बरं झालं तू बसलीस," ती म्हणाली आणि थेंब घालून घ्यायला तिने मान वर केली.